जर्मनीत बसून चेन्नईहून मृदंगम मागवला, पुडीपासून कस्टमपर्यंत सगळा अनुभव

आधी आकडे सांगते, कारण मी शोधत होते तेव्हा मला सरळ आकडे कुणी दिले नव्हते. २२ इंची नट-बोल्टचा मृदंगम (कर्नाटक संगीतातलं दोन तोंडांचं तालवाद्य), फणसाच्या लाकडाचा, बॅगसकट १९,००० रुपये. त्याच खोडाच्या (म्हणजे वाद्याच्या लाकडी अंगाच्या) मापाच्या दोन जादा उजव्या पुड्या, पुडी म्हणजे तोंडावर ताणलेलं चामडं, प्रत्येकी ३,५००. चेन्नई ते म्युनिक कुरियर ११,०००. म्हणजे झाले ३७,०००, तेव्हा रेट ९० च्या आसपास होता म्हणून साधारण ४११ युरो. त्यावर जर्मन कस्टमचे जवळपास ९५ युरो आणि कुरियर कंपनीची स्वतःची फी १५. सगळं मिळून ५२० च्या आसपास पडलं. आणि हे घ्यायच्या आधी इथेच युरोपातल्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ३८० युरोला एक मृदंगम घेतला होता, तो आठ महिन्यांत निकामी झाला. त्यामुळे हा रिव्ह्यू दोन्हीचा आहे, एक पश्चात्तापाचा आणि एक समाधानाचा.

माझी लेक अकरा वर्षांची. शेजारच्या तमिळ अक्कांच्या घरी नवरात्रात गोलूला, म्हणजे बाहुल्यांची मांडणी बघायला, गेलो होतो, तिथे त्यांच्या भाच्याने मृदंगम वाजवला आणि हिने तिथेच बसून हट्ट धरला. अक्कांनीच चेन्नईच्या एका सरांशी गाठ घालून दिली, शनिवारी सकाळी ऑनलाइन क्लास. पहिले तीन महिने सरांनी वाद्यच घेऊ दिलं नाही, मांडीवर आणि पाटावर ता दी तोम नम हे बोल वाजवायचे. मग म्हणाले आता घ्या.

मी मूळची मिरजेची. आमच्याकडे वाद्य असं चित्र बघून घेत नाहीत. हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी सितार-तंबोरे करायला लागली त्याला आता दीडशेच्या वर वर्षं झाली, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, २०२४ मध्ये मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅगसुद्धा मिळाला. लहानपणी शाळेतून येताना त्या गल्लीतून यायचो, गिऱ्हाईक तासन्‌तास बसलेलं असायचं, चहा व्हायचा, जवारी काढून व्हायची, म्हणजे तारेचा नाद खुलावा म्हणून घोडी घासायची, पुन्हा वाजवून बघायचे, पुन्हा काढायची. हे सगळं डोळ्यांनी बघितलेली मी, आणि तरी पहिला मृदंगम फोटो बघून ऑर्डर केला कारण लेकीला घाई होती आणि तो चार दिवसांत घरी येणार होता, कस्टम नाही काही नाही.

तो आला तेव्हा दिसायला सुंदर होता. पॉलिश चकचकीत, लाल कापडाची बॅग, सोबत एक छोटा हातोडा. सरांना व्हिडिओवर दाखवला, लेकीने उजव्या पुडीवर बोट मारलं आणि सर दोन सेकंद काही बोललेच नाहीत. मग म्हणाले कडेकडेने एकेका घरावर मार. मृदंगमच्या उजव्या पुडीला कडेने सोळा घरं, म्हणजे सूर जुळवायच्या जागा, असतात, आपल्या तबल्या-पखवाजासारखीच, आणि सोळाही घरांवर एकच सूर यायला हवा. इथे चार घरं एका सुरात, पाच दुसऱ्या, आणि दोन तर नुसती ठप्प. ठोकून जुळवायचा प्रयत्न केला, गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, वरून ठोकलं की सूर चढतो आणि खालून ठोकलं की उतरतो एवढं मला माहीत होतं कारण आमचे काका भजनात पखवाज वाजवायचे, पण इथे एक घर चढवलं की समोरचं उतरायचं. लाकूड फणसाचं म्हणून विकलं होतं, उचलून बघितलं तर हलकं, अक्कांच्या भाच्याने आतून बघून सांगितलं की हे आंब्याचं दिसतंय. आंब्याचा वाजत नाही असं नाही पण फणसाच्या जुन्या खोडाच्या गाभ्याला जो घट्टपणा असतो त्यानेच नाद टिकतो.

अजून एक गोष्ट, जी आठवली की मला अजून राग येतो. लेक डावखुरी आहे. विक्रेत्याला आधी विचारलं होतं तर त्याने सांगितलं की डावखुऱ्यांसाठी वेगळा मॉडेल आहे, ४० युरो जादा. दिले मी. नंतर सरांना सांगितलं तर ते म्हणाले असा वेगळा मृदंगम नसतोच, वाद्य उलटं फिरवून मांडीवर घ्यायचं, झालं. पळनी सुब्रमण्य पिळ्ळै, ज्यांचं नाव मृदंगमचे दिग्गज पालघाट मणि अय्यर यांच्या बरोबरीने घेतात, ते डावखुरेच होते. डावखुऱ्याची अडचण वाद्यात नसते, मैफलीत बसायच्या जागेत असते, कारण मग व्हायोलिनवाल्यांनाही बाजू बदलावी लागते. तर कुणी डावखुऱ्याचे जादा पैसे मागितले तर तिथून उठा.

आठव्या महिन्यात, जानेवारीत, उजव्या पुडीवरच्या काळ्या भागाला तडे गेले आणि खपल्या निघायला लागल्या. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं की चामडं हे वॉरंटीत बसत नाही, नवीन घ्या, तुम्हाला १० टक्के डिस्काउंट देतो. पुडी बदलून देणारं कुणी आहे का विचारलं तर उत्तरच नाही. तिथे माझ्या डोक्यात लख्ख झालं की मी चुकीचा प्रश्न विचारत होते. मृदंगम कितीला हा प्रश्नच नाही. पुडी गेल्यावर काय, हा प्रश्न आहे. खोड तीन पिढ्या टिकतं, पुडी टिकत नाही, रोज वाजवणाऱ्याची उजवी पुडी काही महिन्यांतसुद्धा जाते. चेन्नईत राहणारा माणूस स्कूटरवर टाकून कारागिराकडे घेऊन जातो, संध्याकाळी घेऊन येतो. आपण कुठे नेणार.

इथे जरा थांबून मराठी वाचकांसाठी सांगते, कारण माझ्या आईलाही फोनवर हेच समजावत बसले होते. आपला वारकऱ्यांचा मृदंग म्हणजे पखवाज आणि हा मृदंगम भाऊ-भाऊ आहेत पण एक नाहीत. पखवाजाला वादीखाली, म्हणजे पुड्या ताणणाऱ्या चामड्याच्या पट्टीखाली, लाकडी गठ्ठे असतात, ते सरकवून सूर लावतात, मृदंगमला गठ्ठे नाहीत, सगळं गजऱ्यावर ठोकून. डाव्या पुडीला आपण कणीक लावतो, ते लोक रवा भिजवून लावतात. उजवीकडे आपली शाई, त्यांच्याकडे करणै, भात घोटून त्यात एका काळ्या दगडाची पूड मिसळतात आणि थरावर थर देत गुळगुळीत दगडाने घासत जातात. या काळ्या लेपामुळेच चामड्यातून सुरेल नाद निघतो, एरवी चामडं नुसतं धपधप करतं, आणि सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच यावर लिहिलं होतं की अशा भार दिलेल्या पुडीचे वरचे सूर मूळ सुराशी जुळणारे निघतात, साध्या ढोलाचे निघत नाहीत. आणखी एक, उजव्या पुडीच्या थरांमध्ये खराट्याच्या काडीसारख्या बारीक काड्या खोचलेल्या असतात, त्याला कुच्ची म्हणतात, त्याने नादाला एक झणत्कार येतो. काड्यांऐवजी दगडाचे बारीक कण घातले तर तो कप्पी. आमच्या पहिल्या मृदंगमात दोन्हीपैकी काहीच नव्हतं.

आणि हे वाद्य आपल्याला फार परकं समजायचं कारण नाही बरं का. तंजावरवर १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं, आणि मृदंगमच्या तंजावर पद्धतीची सुरुवात ज्यांच्यापासून सांगतात ते नारायणस्वामी अप्पा मराठी मुळाचे. हे सरांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही, याचं मला फार वाटलं.

तर दुसरा मृदंगम. सरांनी मयलापूरच्या बाजूच्या एका कारागिराचा नंबर दिला. दुकान असं नाहीच, घराच्या पुढच्या खोलीत काम चालतं. नाव मी इथे लिहीत नाही, ते एकटे आणि त्यांचा मुलगा एवढेच आहेत, जाहिरात नको म्हणाले, आहे तेवढंच काम पुरतं. त्यांना मी अण्णा म्हणते. माझं तमिळ शून्य, त्यांचं इंग्लिश थोडं, मध्ये सर किंवा अक्का. पहिल्या कॉलवर त्यांनी किंमत सांगितलीच नाही. विचारलं गाणाऱ्याचा सूर कुठला.

हे नीट समजून घ्या कारण सगळे इथेच चुकतात. मृदंगमची साइज मुलाच्या उंचीवर घेत नाहीत, सुरावर घेतात. कर्नाटकीत सुराला कट्टै म्हणतात, आपल्या पेटीच्या पट्ट्यांशी मांडलं तर सोपं जातं. एक कट्टै म्हणजे पांढरी एक, पाच कट्टै म्हणजे पांढरी पाच, साडेपाच म्हणजे काळी चार. बायका साधारण पाच-सहाच्या आसपास गातात, त्यासाठी २२ इंची, लहान, चढ्या सुराचा. पुरुष एक-दोनच्या आसपास, त्यासाठी २४ इंची, मोठा आणि चांगलाच जड. एक मृदंगम ठोकून अर्धा-एक सूर इकडेतिकडे होतो, त्याच्या पुढे ओढला तर पुडीच जाते. म्हणून तर वादकांकडे दोन-तीन मृदंगम असतात. आम्ही पाच कट्टैचा सांगितला, कारण अक्कांची मुलगी गाते आणि ती पांढरी पाचमध्ये गाते, पुढे दोघी एकत्र बसतील.

मग दुसरा प्रश्न, वादीचा की बोल्टचा. वादीचा म्हणजे म्हशीच्या चामड्याच्या पट्टीने दोन्ही पुड्या ताणून बांधलेल्या. आवाज त्याचाच चांगला, यावर अण्णा आणि सर दोघांचं एकमत, आणि माझ्या कानाला पण पटलं, वादीच्या मृदंगमात एक ऊब असते. पण पुडी बदलायची म्हणजे सगळी वादी सोडून पुन्हा ओढायची, दोन दमदार माणसांचं काम, घरी होत नाही. बोल्टच्यात पान्याने नट सैल करायचे, जुनी काढायची, नवी बसवायची, घट्ट करायचे. अण्णांनी एवढंच विचारलं की तुमच्या गावात वादी ओढणारं कुणी आहे का. नाही म्हणलं. मग बोल्टचाच घ्या म्हणाले, विषय संपला. आणि खरं सांगू का, वादीचा त्यांच्याकडे तीन हजारांनी महाग होता, तरी त्यांनी मला स्वस्तातला घ्यायला लावला.

जादा पुड्यांचं त्यांनीच सुचवलं. यात एक बारकावा आहे. पुडी म्हणजे शर्ट नाही की मीडियम मागवली आणि बसली. प्रत्येक खोडाचं तोंड थोडं थोडं वेगळं असतं, त्यामुळे जादा पुडी त्याच खोडावर चढवून, सूर लावून, मग उतरवून पाठवावी लागते. अण्णांनी दोन्ही तशाच केल्या, प्रत्येक पुडी चढवल्यावर व्हिडिओ पाठवला, श्रुतिपेटी चालू ठेवून सोळाही घरांवर बोट फिरवून दाखवलं. तिसऱ्या व्हिडिओत एक घर मला जरा उतरलेलं वाटलं, मी भीतभीत लिहिलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी नवा व्हिडिओ पाठवला आणि नुसतं लिहिलं, करेक्ट, कान चांगला आहे. मिरजेच्या गल्लीचे संस्कार आहेत ते, मला फार बरं वाटलं.

किमतीत घासाघीस केली नाही. सांगावंसं वाटतं म्हणून सांगते. मृदंगम करणाऱ्यांची घराणी बरीचशी दलित ख्रिश्चन आहेत, मूळ तंजावरकडची, कातडं कमावणं आणि शिवणं पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच केलं. एका मृदंगमात गाय, शेळी आणि म्हैस तिघांचं कातडं असतं, कुठल्या जागी कुठलं, किती जाड, जनावराच्या कुठल्या भागाचं, हे त्यांच्याच हाताला कळतं. वादकाचं नाव पोस्टरवर येतं. मणि अय्यर यांच्या नादाचं जे कौतुक होतं त्यामागे परलांदु नावाच्या कारागिराचे हात होते, पण परलांदुचं नाव किती जणांनी ऐकलंय. म्हणून १९,००० चे १७,००० करा म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

वेळ मात्र लागला, आणि इथे मी एक स्टार कापते. सहा आठवडे सांगितले होते, अकरा लागले. चूक थोडी माझीपण, मी ऑक्टोबरात ऑर्डर दिली. ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नईत पाऊस, कातडं वाळत नाही, करणैचे थर सुकत नाहीत, आणि वर डिसेंबरचा मार्गळी संगीत सीझन, शहरभर सभांमध्ये कचेऱ्या, म्हणजे मैफली, प्रत्येक वादक आपला मृदंगम घेऊन कारागिराच्या दारात. तेव्हा परदेशातली ऑर्डर मागे पडणारच. पण मग सहा आठवडे सांगू नये ना. मेसेजला चार चार दिवस उत्तर नाही, लेक रोज विचारायची. तुम्ही ऑर्डर देणार असाल तर फेब्रुवारी ते जूनमध्ये द्या.

पॅकिंग एक नंबर. बोल्ट एक-दोन फेरे सैल करून पाठवला होता, दोन्ही तोंडांवर थर्माकोलच्या चकत्या, मध्ये जुन्या वेष्ट्या (तमिळ धोतरं) गुंडाळलेल्या, बाहेरून प्लायवूडचं खोकं. जादा पुड्या वेगळ्या, प्रत्येक पुडीच्या करणैवर पुठ्ठा बांधलेला. एक ओरखडा नाही.

कस्टमचं सांगते, युरोपातल्यांसाठी. आम्ही मागवला तेव्हा १५० युरोच्या आत असलं तर ड्युटी नव्हती पण व्हॅट पहिल्या युरोपासून लागायचा, वर गेलं की ड्युटीपण. तालवाद्यांवर ड्युटी ३.२ टक्के, म्हणजे फार नाही, खरा बोजा जर्मनीच्या १९ टक्के व्हॅटचा, आणि तो कुरियरच्या खर्चासकट एकूण रकमेवर लागतो, हे मला आधी माहीत नव्हतं. कुरियरवाल्यांचा फोन आला, बिल मागितलं, वस्तू काय आहे ते लिहून मागितलं. मी अण्णांकडून आधीच टाइप केलेलं बिल घेतलं होतं, वाद्य, वैयक्तिक वापरासाठी, खरी किंमत. किंमत कमी लिहून द्यायची का असं त्यांच्या मुलाने विचारलं होतं, मी नको म्हणलं. रस्त्यात फुटलं तर विम्याचे पैसे त्याच आकड्यावर मिळणार, आणि खोटं लिहायचंच कशाला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडवाल्यांनी मात्र लाकूड आणि चामडं दोन्हीबद्दल आधीच तिथल्या नियमांची चौकशी करा, तिकडे तपासणी कडक असते.

भारतात जाणार असाल तर सरळ स्वतः आणा. २२ इंचीचं खोकं विमानाच्या मापात आरामात बसतं, आमचा बोल्टचा पॅकिंगसकट बारा किलोच्या आत भरला, २३ किलोच्या एका बॅगेत जमतं. विमानाने येताना मोठ्या माणसाला ४३० युरोपर्यंतची वस्तू माफ असते, म्हणजे आमचा १९,००० चा मृदंगम आणि दोन पुड्या मिळून बिनाकराचा आला असता. पण आमची भारतवारी जुलैत होती आणि लेकीला तेवढे महिने कोरड्या पाटावर ठेवायचं माझ्या जिवावर आलं.

आता आवाजाबद्दल. खोकं उघडल्यावर अण्णांनी सांगितलं होतं की दोन दिवस हात लावू नका, खोलीत राहू दे, हवा सवयीची होऊ दे. तिसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत कॉल लावून बोल्ट घट्ट केले, समोरासमोरचे, एका वेळी थोडे थोडे, एकाच बाजूने ओढत गेलं तर पुडी वाकडी बसते. मग लेकीने नम वाजवला. तो नाद खोलीत राहिला, हात उचलल्यावरसुद्धा राहिला, नवरा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभा राहिला. आठ महिने ती ठप्प ऐकलेली आम्ही माणसं. लेक काही बोलली नाही, नुसती तेच एक बोट पुन्हा पुन्हा मारत होती.

डाव्या बाजूला रवा. इथल्या सुपरमार्केटचा मऊ गव्हाचा बारीक रवा चालतो, ज्याचा आपण शिरा करतो तोच. थोड्या पाण्यात भिजवायचा, दहा मिनिटं ठेवायचा, लाडवाएवढा गोळा करून डाव्या पुडीच्या मध्यभागी थापायचा. जास्त लावला तर आवाज बसतो, कमी लावला तर खालचा गुमका, म्हणजे घुमणारा नाद, येत नाही. वाजवून झालं की तो खरवडून, ओल्या फडक्याने पुसायचा, हे चुकवायचं नाही, नाहीतर चामडं कुजतं. लेकीचं काम आहे हे, आणि एकदा विसरली तेव्हा अण्णांनी व्हिडिओत डाग बघून बरोबर ओळखलं.

या देशातला खरा शत्रू हिवाळ्यातलं हीटिंग. चेन्नईच्या दमट हवेत वाढलेलं चामडं आणि लाकूड, आणि इथे जानेवारीत आमच्या हॉलमध्ये आर्द्रता २८ टक्के. चामडं आखडतं, सूर आपोआप चढतो, करणैला तडे जातात, लाकूडसुद्धा चिरतं. पहिल्याची करणै अशीच गेली असणार, हे मला आता कळतंय, सगळा दोष विक्रेत्याचा नव्हता, पण त्याने सांगायला तर हवं होतं. आता दहा युरोचं आर्द्रता मोजायचं यंत्र आणि एक छोटा ह्युमिडिफायर आहे, मृदंगम रेडिएटरपासून लांब, कापडात गुंडाळून बॅगेत, ४५-५० टक्के राखते. उन्हाळ्यात उलट, पावसाळी आठवड्यात पुडी सैल पडते, मग ठोकायचं.

एवढं करूनही पहिली पुडी अकरा महिन्यांत गेली. लेक आता रोज तासभर वाजवते त्यामुळे तक्रार नाही. रविवारी जेवणाच्या टेबलावर जुनं बेडशीट टाकलं, फोन डब्याला टेकवून उभा केला, पलीकडे अण्णा आणि त्यांचा मुलगा, इकडे आम्ही तिघं. नट सैल करायला अर्धा तास, जुनी पुडी उचलली तर आत फणसाच्या लाकडाचा पिवळा रंग आणि अण्णांनी पेन्सिलने तमिळमध्ये लिहिलेलं काहीतरी. काय लिहिलंय विचारलं तर मुलगा म्हणाला, पाच कट्टै आणि तुमच्या मुलीचं नाव. नवी पुडी बसवायला आणि सुरात आणायला अडीच तास लागले, दोनदा सोडून पुन्हा बसवली. अण्णांनी पूर्ण वेळ कॉल धरला. पैसे किती पाठवू विचारलं तर पुडीचे तुम्ही आधीच दिलेत म्हणाले.

तक्रारी आहेत त्यापण लिहिते. बॅग अगदीच साधी, चेन दोन महिन्यांत गेली. बोल्टपैकी दोन नट वाजवताना किरकिर करायचे, रबराचे वॉशर घातले तेव्हा थांबले, हे तिथेच व्हायला हवं होतं. लेकीच्या मांडीवर वजन जाणवतं, उशी लागते. उशीराबद्दल वर लिहिलंच आहे.

सिंथेटिकचं बरेच जण विचारतात. बंगळुरूच्या के. वरदरंगन यांनी फायबरच्या अंगाचा आणि सिंथेटिक पुडीचा मृदंगम काढला आहे, हवामानाचा त्रास नाही, हलका, चामडं नको असणाऱ्यांनाही चालतो. अक्कांच्या भाच्याकडे आहे, मी वाजवताना ऐकलाय, प्रवासाला आणि रोजच्या रियाजाला चांगला, शिकायला सुरुवात करणाऱ्याने घेतला तर मी चूक म्हणणार नाही. पण शेजारी आमचा ठेवला की उजव्या बाजूच्या नादातला फरक ऐकू येतो, विशेषतः चापू या बोलात.

दुसरी जादा पुडी कपाटात आहे, मऊ कापडात, करणैवर तोच पुठ्ठा बांधून. जुलैत चेन्नईमार्गे जायचं ठरतंय, गेलेली पुडी बॅगेत टाकली आहे, कारण अण्णा म्हणाले फेकू नका, गजरा चांगला आहे, त्यावरच नवीन चामडं चढवून देतो.